बोटभर जास्तीचा भाला

६ जानेवारी

गंजाबाई,

हे नाव मी ठेवलं म्हणून तू रुसलीस, असं काका सांगत होता. दिवसभर जुन्या लोखंडाचा गंज खरवडत बसणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणायचं? जाईजुई?

फोनवर बोलायचं तर सगळं तुझा काकाच बोलतो आणि शेवटी यंत्र माझ्या कानाला लावून म्हणतो, "आई, बोल पटकन." पटकन बोलायला माझी काय गाडी सुटते आहे? म्हणून हे पत्र. मी सांगते, काकू लिहिते. ती मधेच स्वतःचंही घुसडते, असा मला संशय आहे. (घुसडत नाही. काकू.)

तर कामाचं आधी. आजोबा जिन्यावरून पडले तेव्हापासून वरच्याच खोलीत आहेत. खुब्याचं हाड जुळलं, पण जिना अरुंद, मधे वळण, त्यांना खुर्चीत बसवून उतरवायचं म्हटलं तरी खुर्ची वळत नाही. डॉक्टर म्हणतात, सपाट जागेवर चालवा, उन्हात बसवा. वर कुठलं ऊन? खिडकीतून दिसते ती शेजारच्या गोदामाची भिंत. जन्मभर बस चालवलेला माणूस, समोरच्या काचेतून रस्ता बघायची सवय. आता भिंत बघतो. मी म्हटलं, "थांबा जरा, सिग्नल लागलाय, सुटेल." हसले नाहीत.

म्हणून मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली बांधायला घेतली आहे. खाली, सपाट, रस्त्याकडे मोठी खिडकी. परवा पाया खणताना गवंड्याची कुदळ ठणकन वाजली. वाटलं पाइप फुटला. निघालं एक हातभर लांब, गंजून फुगलेलं, एका टोकाला नळीसारखं आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं असं काहीतरी. गवंडी म्हणाला, "आजी, ही नांगराची वस्तू." काका म्हणाला, "नळाची." काकू म्हणाली, "फेकून द्या." मी म्हटलं, आपल्या घरात पैसे घालून लोखंड शिकलेली एक मुलगी आहे, तिला विचारू.

फोटो काकाने काढला, त्यात त्याचा अंगठाच जास्त आला आहे. म्हणून मी माझ्या पद्धतीने माप पाठवते. वस्तू कापडावर ठेवली, खडू फिरवला, कापून सोबत ठेवलं आहे. अख्ख्या गल्लीचे कपडे बेतले आहेत मी, माझ्या कात्रीवर भरवसा ठेव.

जवळच मातीत काही शिशाच्या गोट्या पण निघाल्या, पोरांच्या खेळायच्या असतात तेवढ्या. त्या मी कामाला लावल्या.

तुझी आजी


१४ जानेवारी

आजी,

रुसले नाही. कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, आता इथेही मी गंजाबाईच आहे. (आमच्या संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागाला आम्ही कारखाना म्हणतो.)

तुझं कापड टेबलावर पसरलं आणि मी उभीच राहिले. आजी, हा भाला आहे! म्हणजे भाल्याचं पातं. नळीत लाकडी दांडा बसवायचा. आणि पातं पानासारखं रुंद आहे, इतकं रुंद की आमच्या कपाटात एकही तसं नाही. जुन्या घोडेस्वारांकडे असे भाले असायचे म्हणतात, पण या भागात कधी सापडलेला नाही. साहेबांना दाखवलं. ते कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "तुमच्या घरी निघालं?" मला इथे येऊन वर्ष होत आलं, पण त्यांनी मला पहिल्यांदा 'तुमच्या' म्हटलं.

आता नीट ऐक. त्याला राख, लिंबू, काथ्या काहीही लावायचं नाही. तुझा हात शिवशिवत असेल, मला माहीत आहे. घासलंस तर गंजाबरोबर खरा पृष्ठभागही जाईल. तेल नाही, पाणी नाही. कोरड्या कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेव. आणि पोकळ लोखंडी गोळा निघाला, त्याला भोक असलं, तर कुणीही हात लावायचा नाही. जुना तोफगोळा असू शकतो, फुटेल. लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. हे गवंडीकाकांनाही सांग.

पात्याला किती धारा आहेत? दोन की जास्त? आणि गोट्या कसल्या कामाला लावल्यास?

आजोबांना सांग, त्यांच्या खोलीखाली घोडेस्वार निघाला.

तुझी गंजाबाई


२९ जानेवारी

गंजाबाई,

तुझा घोडेस्वार आला. मोटारसायकलवरून आला, हातात कागद होता, पायात चकचकीत बूट. तुझ्या साहेबांनी कुठे कुठे कळवलं आणि तिथून हा सरकारी माणूस निघाला. त्याने खड्ड्याभोवती दोरी बांधली, वस्तू पिशवीत घातली, पिशवीला शिक्का मारला आणि मला म्हणाला, "आजीबाई, तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत इथे कुदळ लावायची नाही." मी विचारलं, "तज्ज्ञ कधी येणार?" तो म्हणाला, "सांगता येत नाही." म्हटलं, "मग बाकीचं तरी इतकं ठामपणे कसं सांगता आलं?" चहा मात्र प्यायला.

वस्तू नेली नाही, मोटारसायकलवर मोडेल म्हणाला. कपाटात आहे, शिक्क्यासकट. आजोबांच्या औषधांखाली ठेवली आहे.

धारा विचारल्यास. कसं सांगू? सगळ्या बाजूंनी गंज आणि मातीचं जाड पुट आहे, गाजरासारखं दिसतं. घासून बघितलं असतं तर कळलं असतं, पण घासायचं नाही असा तुझाच हुकूम. आता तर पिशवीतच बंद.

गवंडी दोन दिवस खड्ड्याच्या काठावर बसून दोरीकडे बघत होता. पुढच्या महिन्याच्या मध्याला त्याला दुसऱ्या गावी शाळेचं काम आहे. तिकडे गेला की पावसाळ्यानंतरच परत. मी म्हटलं, दोरीच्या बाहेर बांध. तो म्हणाला, "आजी, दोरीच्या बाहेर तुमचं अंगणच नाही."

आजोबा मजेत आहेत.

तुझ्यासाठी शिवलेला कुर्ता काकाच्या मित्राबरोबर पाठवते आहे. निळा.

आजी

(आजोबा मजेत नाहीत. खोलीचं काम सुरू झालं तेव्हा रोज विचारायचे, खिडकी किती मोठी, दार कुठल्या बाजूला. कुदळीचा आवाज ऐकत उठून बसायचे. आवाज बंद झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पाय हलवायचा व्यायामही नको म्हणतात. म्हणतात, "कुठे जायचंय चालून?" आई हे सांगणार नाहीत म्हणून मी लिहिलं. काकू.)


५ फेब्रुवारी

आजी,

चुकलंच. मला वाटलं नव्हतं की साहेब दुसऱ्याच दिवशी कळवतील. मी त्यांना विचारलं, दोरी कधी सुटेल? ते म्हणाले, साधी वस्तू असती तर एका भेटीत काम झालं असतं. पण असा भाला असेल तर अख्खं अंगण थराथराने उकरून बघावं लागेल, ब्रशने. पुढच्या हिवाळ्यापर्यंत चालेल. तज्ज्ञाला लवकर पाठवण्यासाठी मी रोज त्यांच्या मागे लागते आहे. तोवर गवंडीकाकांना थांबवता आलं तर बघ ना.

कुर्ता मिळाला. रंग फार छान आहे. जपून ठेवला आहे.

तुझी गंजाबाई

(मागच्या पानावर)

काकू, हे मोठ्याने वाचू नकोस. आजोबांचं वाचून मी खालच्या दुकानात जाऊन उगीच पेन्सिली विकत घेतल्या, रडताना कुणी बघू नये म्हणून. साहेब म्हणतात, या भाल्यावर टिपण लिहायचं तर माझं नाव पहिलं. वर्षभर मी दुसऱ्यांच्या वस्तूंचा गंज काढते आहे, ही माझी पहिली. आणि तीच नेमकी आजोबांच्या खोलीच्या आड आली. साहेबांना काय सांगू? भाला नाही म्हणू? आजीला यातलं काही कळू देऊ नकोस.


१२ फेब्रुवारी

गंजाबाई,

पानाला दोन बाजू होत्या आणि काकूने वाचलं एका बाजूचं. मला अक्षर येत नाही, पण शाई पलीकडून दिसते. मी म्हटलं, "सूनबाई, उलट." ती म्हणाली, "कोरं आहे." म्हटलं, "कोऱ्या कागदावर तुझ्या डोळ्यांत पाणी कशाने आलं?" मग वाचलं.

तर ऐक. भाला असेल तर भालाच म्हणायचं. आपल्या सोयीसाठी त्याची सुरी करायची नाही. तुझ्या आजोबांना कळलं की नात त्यांच्यासाठी साहेबाशी खोटं बोलली, तर ते भिंतीकडचं तोंड आणखी भिंतीत घालतील. बस चालवताना एकदा पाच मिनिटं उशीर झाला, तर डेपोत जाऊन स्वतः सांगणारा माणूस तो.

पण काकूने लिहिलं ते खरं. काल मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "अहो, रस्ता बघायचाय ना?" म्हणाले, "तूच बघ आणि मला सांग." मी खाली गेले, वर आले, सांगितलं. एक पांढरी गाडी, दोन सायकली, एक कुत्रा. म्हणाले, "कुत्रा कुठल्या बाजूने गेला?" ते काही मी बघितलं नव्हतं. परत खाली गेले. माझे गुडघे असेच चालले, तर दुसरी खोली माझ्यासाठी बांधावी लागेल.

गवंड्याला थोपवला आहे. त्याच्या बायकोचे दोन झंपर फुकट शिवते म्हटलं. महिनाअखेरपर्यंत थांबेल. त्यापुढे माझ्या हातात काही नाही.

आणि कुर्ता 'जपून ठेवला' म्हणजे घट्ट होतो, हे मला कळत नाही असं वाटलं का? बसून बसून जाडी झाली असशील. फाडू नको, टाकू नको. बाजूच्या शिवणी उसव, आत दोन्हीकडे बोटभर कापड ठेवलं आहे. मी नेहमीच ठेवते.

आजी


१८ फेब्रुवारी

आजी! आजी! आजी!

पत्र हातात पडल्यावर मी कुर्ता काढला आणि शिवण उसवायला बसले. खरंच बोटभर कापड निघालं, दोन्ही बाजूंना. घालून बघितला, बसला. आरशासमोर उभी होते आणि एकदम तुझं खडूचं कापड आठवलं. कुर्ता तसाच, शिवण उघडी, मी धावत कारखान्यात.

आजी, खरं सांग. त्या वस्तूचं माप कापताना तू खडूच्या रेघेवर कापलंस, की रेघेबाहेर?

कापड वाटेत घासून खडू पुसला गेला होता. पण भिंगाखाली दिव्याशी तिरकं धरलं तर आत एक अगदी पुसट पांढरी रेघ दिसते. कडेपासून बोटभर आत! चारही बाजूंनी! मी त्या रेघेवर कागद कापला. माझा रुंद पानासारखा भाला गेला, आजी. उरलं एक बारीक, लांब, टोकदार पातं.

आणि दुसरं विचारायचं आहे. नळी आणि पातं जिथे जुळतात तिथे वस्तू सरळ आहे, की कोपर वाकल्यासारखी बाजूला जाते? नळीला कुठे खाच आहे का? तुझ्या कापडात सगळं सरळ, गुळगुळीत आहे. पिशवी न उघडता वरून हात फिरवून सांग.

माझा अंदाज खरा निघाला तर ती संगीन आहे. जुन्या बंदुकीच्या तोंडावर बसवायचं टोक. तशा आमच्याकडे पेटीभर आहेत. साहेबांना आत्ताच सांगितलं. ते माझ्या उसवलेल्या कुर्त्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की शेजारच्या विभागातले लोक बघायला आले. 'तुमच्या'वरून परत 'तुझ्या'वर आले. पण म्हणाले, "आता मीच येतो. पंचवीस तारखेला. तूही चल."

गोट्या कसल्या कामाला लावल्यास ते अजून सांगितलं नाहीस. त्या फार महत्त्वाच्या आहेत. शिसं आहे ते, हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

गंजाबाई


२१ फेब्रुवारी

अगं बाई,

रेघेबाहेर कापलं का म्हणजे? रेघेबाहेर नाही तर काय रेघेवर कापणार? रेघेवर कापलं तर शिवायला काय उरतं? शिवणीची माया न सोडता कापड कापतं ते न शिकलेलं माणूस. कात्री हातात आली की माझा हात आपोआप बोटभर बाहेर जातो. तुझ्या लोखंडाला शिवण नसते हे मला मान्य आहे, पण हाताला कुणी सांगायचं?

आणि खाच होती. नळीवर, नागमोडी. कोपरही आहे, वाकलेलं. मी ते सरळ करून कापलं. कापडात अशी खाच घेतली तर तिथून सुटतं. तुझ्या साहेबांना हे पटेल का, विचार.

काकू लिहिता लिहिता हसते आहे, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर दोष माझा नाही. (आई स्वतः जास्त हसत आहेत. काकू.)

गोट्यांचं सांगते, पण ओरडायचं नाही. नव्या खोलीचा पडदा मी आधीच शिवून ठेवला आहे. पडदा नीट पडायला खालच्या दुमडीत वजन लागतं. विकतची वजनं हलकी येतात. या कशा सारख्या, जड, गोल. घातल्या शिवून. पडदा असा पडतो की बघत राहावं. खोली नाही, पण पडदा तयार आहे.

पंचवीसला या. तुझ्या साहेबांना जिना चढता येतो ना? वर एका माणसाला भेटवायचं आहे.

आजी


४ एप्रिल

गंजाबाई,

तू गेल्यापासून घर शांत आहे, म्हणजे काकू पुन्हा बोलू शकते. तू परत जाण्याच्या गडबडीत होतीस म्हणून तुझं बरंच बघायचं राहिलं, ते सांगते.

साहेबांनी पिशवीचा शिक्का फोडला, वस्तू हातात घेतली आणि एका शब्दात म्हणाले, "संगीन." तुझं तोंड बघितलं मी तेव्हा. आनंद होता, पण खाली थोडं दुखत होतं. पहिली वस्तू तुझी, आणि तीही पेटीभर असणाऱ्यांतली.

मग ते पडद्याचं. साहेब जमिनीवर मांडी घालून बसले, मी शेजारी, दोघांच्या मधे पडदा. मी टाके उसवत होते आणि एकेक गोटी त्यांच्या तळहातावर ठेवत होते. ते मापाच्या चिमट्यात धरत होते, नळीशी पडताळत होते. म्हणाले, "आजी, ही गोळी ज्या बंदुकीतून सुटायची, तिच्याच नळीवर ही संगीन बसायची. दोन्ही एकाच शिपायाच्या हातातल्या असू शकतात." मी म्हटलं, "मग तो सामान टाकून गेला कुठे?" ते म्हणाले, "कदाचित घरी." हे मला आवडलं. शिकलेल्या माणसाकडून इतकं गोड उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

आणि तू वर गेली होतीस. आजोबांना संगीन दाखवायला. खाली आम्हाला ऐकू येत होतं. ते तुला विचारत होते, "कुठल्या बाजूला सापडली? खिडकीच्या की दाराच्या?" तू म्हणालीस, "खिडकीच्या." ते म्हणाले, "मग खिडकी तिथेच ठेवा." मी काकूचा हात धरला. कित्येक आठवड्यांनी त्यांनी खिडकी हा शब्द काढला होता.

पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या साहेबांनी मोटारसायकलवाल्याला बोलावून सांगितलं, दोरी सोड, फक्त खणताना कुणीतरी जाणता माणूस उभा राहू दे. उभी राहिलीस तू. गवंडी कुदळ मारायचा आणि दर वेळी तुझ्याकडे बघायचा, शाळेत गणित सोडवताना पोरं बाईंकडे बघतात तसा. आणखी सात-आठ गोट्या आणि एक बक्कल निघालं, बस. शाळेचं काम त्याने भावाला दिलं. झंपर बायकोला आवडले म्हणे. घट्ट होत नाहीत, झाले तर उसवायला जागा आहे.

छप्पर मागच्या आठवड्यात चढलं. परवा चार जणांनी आजोबांना चादरीच्या झोळीत घालून जिना उतरवला. वळणावर ते स्वतः सांगत होते, "डावीकडे घ्या, मागे बघा, आता सरळ." खाली आल्यावर काठी मागितली. दारापासून खिडकीपर्यंत चालले. धापा टाकत खुर्चीत बसले आणि रस्त्याकडे बघून म्हणाले, "हा रिक्षावाला वळताना हात दाखवत नाही." मी आत जाऊन उगीच भांडी घासली.

आता कालचं, म्हणजे ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसवलं काकूला. तुझं पाकीट आलं. संगीन साफ झाल्याचा फोटो काकूने दाखवला. तीन धारा आहेत की गं! गाजर नाही, चांगली टोकदार आहे. खाली पाटीवर काय लिहिलं आहे तेही वाचून दाखवलं: अंगणात पाया खणताना मिळाली, साफसफाई आणि नोंद, आणि पुढे तुझं नाव. पहिलं नाव, एकटंच. आजोबांनी फोटो खिडकीच्या चौकटीत खोचला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "ही आमच्या नातीची." शिपायाची म्हणत नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. गोट्या तुम्ही सगळ्या नेल्या, पडद्यात आता काही नाही. वारा आला की पडदा खिडकीबाहेर जातो, खोलीत येतो, आजोबांच्या डोक्यावरून फिरतो. मी काल नवी वजनं घेऊन बसले होते, सुई ओवायला त्यांच्याकडे दिली. ओवली नाही.

म्हणाले, "राहू दे तसाच. उडला की रस्ता दिसतो."

तर पडदा तसाच आहे. दुमड मी उसवलेलीच ठेवली आहे, आत बोटभर कापड आहेच.

आजी